घरांतील हवा आणि अतिनील दिवा

ठाणे शहरांत मुंबई-नाशिक महामार्गापासून घोडबंदरचा रस्ता जेथें फुटतो, तेथें माजिवडा आहे. जुनें गांवठाण तेथें अजून आहे. परंतु त्याच्या शेजारून मोठे पूल गेले आहेत व सभोंवतीं उंच इमारतींची दाटी झाली आहे. रस्त्यावरील धूळ व धूर यांस कंटाळून या इमारतींतील कुटुंबें खिडक्या लावून घेतात, आणि मग आंत कोंडलेली हवा शुद्ध कशी ठेवावी, ही दुसरी काळजी त्यांस लागते. २०२० सालच्या महामारीपासून या काळजीवर एक तोडगा दुकानोदुकानीं दिसूं लागला : अतिनील किरणांचा दिवा. या दिव्याकडून काय मागावें व काय मागूं नये, हें त्याचा इतिहास पाहिल्यावांचून नीट कळावयाचें नाहीं. आणि प्रकाश व घरांतील हवा यांच्या या इतिहासाचें एक महत्त्वाचें प्रकरण आपल्या मुंबईंतच घडलेलें आहे.

इंद्रधनुष्याच्या जांभळ्या पट्ट्यापलीकडेही डोळ्यांस न दिसणारे किरण असतात, हें योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञानें १८०१ सालीं दाखविलें. हे किरण सूक्ष्म जंतूंचे वैरी आहेत, हें कळावयास मात्र आणखी पाऊणशें वर्षें लागलीं. १८७७ सालीं डाउन्स व ब्लंट या दोघां इंग्रज संशोधकांनीं पोषक द्रवाच्या कांहीं नळ्या उन्हांत ठेविल्या व कांहीं झांकून ठेविल्या. झांकलेल्या नळ्यांतील द्रव जंतूंनीं गढूळ झाला; उन्हांतील स्वच्छ राहिला. वर्णपटाच्या निळ्या-जांभळ्या टोकाकडील प्रकाशच यांत अधिक समर्थ, हेंही त्यांच्या ध्यानांत आलें. १८८२ सालीं क्षयाचा जंतु शोधून काढणाऱ्या रॉबर्ट कॉखनें १८९० सालीं तोच जंतु उन्हांत मरतो असें सांगितलें. आणि त्वचेचा क्षय प्रकाशानें बरा करणाऱ्या नील्स फिन्सेन या डेन्मार्कच्या वैद्यास १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

युरोपांत हे प्रयोग चालले असतां मुंबईवर प्लेगचें संकट कोसळलें. १८९६ सालच्या सप्टेंबरांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं मांडवी भागांत हा रोग ओळखला. पुढील वर्षीं नेमलेल्या प्लेग-कमिटीनें काळोख्या खोल्या हुडकून काढल्या, कौलें उतरवून आंत ऊन घेतलें, आणि जीं घरें सुधारण्यापलीकडचीं वाटलीं त्यांच्यावर 'मनुष्यवस्तीस अयोग्य' या अर्थाचीं यू. एच. एच. हीं अक्षरें रंगविलीं. या कारभारांत दांडगाई पुष्कळ होती, आणि निदानही चुकीचें होतें. गांठीचा प्लेग कोंदट हवेनें नव्हे, तर उंदरावरील पिसवांनीं पसरतो, हें पॉल सीमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं मांडलें व परळच्या प्रयोगशाळेंतील पुढील संशोधनानें तें पक्कें झालें. इतिहासाचा चमत्कार असा कीं, एका रोगावर चुकीनें योजिलेला उपाय दुसऱ्या रोगावर अगदीं बरोबर होता. प्लेग ओसरला, क्षय राहिला. आणि क्षय हा खरोखरच कोंदट, काळोख्या खोलीचा मित्र आहे.

१८९८ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें याच धड्याचा नियम केला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं १९१२ सालीं मुंबईच्या घरांतील प्रकाश व हवा याच विषयावर व्याख्यान दिलें. त्यांच्या आग्रहाचें सार ६३½ अंशांच्या कोनांत आहे. हा कोन सोप्या भाषेंत सांगावयाचा तर, समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निदान निम्मी मोकळी जागा खिडकीपुढें असावी. घरांतील हवेचा प्रश्न घराबाहेरील अंतरानें सुटतो, हें या नियमानें ओळखलें होतें.

दिव्याचा इतिहास येथून पुढें सुरू होतो. खोकतांना-बोलतांना उडणारे सूक्ष्म तुषार वाळून त्यांचे कण हवेंत दीर्घ काळ तरंगत राहतात, असें अमेरिकेच्या विल्यम वेल्सनें १९३४ सालीं मांडलें. पुढें त्यानें फिलाडेल्फियाजवळील शाळांत वर्गाच्या वरच्या भागांत पाऱ्याचे अतिनील दिवे बसविले. १९४१ सालच्या गोवराच्या साथींत दिवे असलेल्या वर्गांतील मुलांस गोवर पुष्कळच कमी झाला. मात्र न्यूयॉर्क संस्थानांतील कांहीं शाळांत हाच प्रयोग केला असतां तितकें यश आलें नाहीं. तेथील मुलें शाळेच्या मोटारगाड्यांत दाटीनें बसून येत, आणि गाडींत दिवा नव्हता. ज्या हवेवर दिव्याचा प्रकाश पडतो तेवढीच हवा तो राखतो, हा यांतला बोध. पुढें स्ट्रेप्टोमायसिन आलें, १९६३ सालीं गोवराची लस आली, आणि हे दिवे बहुतेक विस्मृतींत गेले. क्षयाच्या जंतूस औषधें पुरेनाशीं झालीं तेव्हां त्यांची पुन्हा आठवण झाली. पेरू देशांतील लिमा येथें एका रुग्णालयाच्या छपरावर गिनीपिगांस क्षयरोग्यांच्या खोल्यांतील हवा देऊन पाहिली. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत, दिवे बंद असतां ३५ टक्के प्राण्यांस लागण झाली. दिवे लावले असतां ९.५ टक्क्यांस.

म्हणजे दिवा खोटा नाहीं. पण त्याचा धर्म समजून घेतला पाहिजे. त्याच्या २५४ नॅनोमीटर लांबीच्या लहरी जंतूच्या आनुवंशिक द्रव्यांत असा बिघाड करतात कीं त्याची वाढच खुंटते. सूर्याच्या अशा लहरी वातावरणांतील ओझोन अडवितो, म्हणून त्या जमिनीवर पोंचत नाहींत. आणि उन्हांतील जे सौम्य अतिनील किरण पोंचतात, त्यांपैकीं अधिक प्रभावी ते खिडकीची कांच अडविते. म्हणून बंद खिडकींतून आलेलें ऊन म्हणजे उघडी खिडकी नव्हे. हेच दिव्याचे किरण डोळ्यांस व त्वचेस इजा करतात. म्हणून तो माणसांच्या डोक्यावरून, आडवा, जाणकाराच्या हातूनच बसवावा लागतो, किंवा पेटींत पूर्ण झांकलेला असावा लागतो. उघडा दिवा हातांत धरून घरभर फिरविणें हा धोकाच आहे. शिवाय कांहीं दिवे ओझोन निर्माण करतात, व तो फुफ्फुसांस बाधतो. सर्वांत मुख्य गोष्ट ही कीं, अतिनील किरण जंतूस मारतात. धूळ, फोडणीचा धूर, उदबत्तीचा वा डांस पळविणाऱ्या वडीचा धूर त्यांस हटवितां येत नाहीं. माजिवड्याच्या गृहस्थास ज्या धुळीचें भय वाटतें, तिच्यावर हा दिवा औषधच नव्हे.

मग तो कोठें शोभतो? दवाखान्याच्या बैठकींत, क्षयाच्या वॉर्डांत, शाळेच्या गर्दीच्या वर्गांत. जेथें परकीं माणसें एकाच हवेंत तासन् तास बसतात तेथें. चार माणसांच्या घरांत, जेथें सारीं एकत्र जेवतात व निजतात, त्याचा लाभ थोडा. तेथें सकाळ-संध्याकाळ रहदारी कमी असतां समोरासमोरच्या खिडक्या उघडणें आणि स्वयंपाकघरांत धूर बाहेर टाकणारा पंखा लावणें, हे उपाय स्वस्तही आहेत व अधिक उपयोगीही.

परंतु हा उपदेश ज्यास खिडकी आहे त्यासच करतां येतो. मुंबईंतील गोवंडी भागांत विस्थापितांसाठीं याच शतकांत बांधलेल्या लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत सात-आठ मजली इमारतींमध्यें अवघें ३ मीटरांच्या सुमाराचें अंतर ठेविलें आहे. ऑरच्या नियमानें तें १० मीटरांच्या घरांत हवें होतें. तेथील पाहणींत प्रकाश व खेळती हवा यांची उणीव आणि क्षयाचा प्रादुर्भाव यांचा संबंध आढळला, व ती पाहणी २०२० सालीं प्रसिद्ध झाली. जें १९१२ सालीं या शहरास ठाऊक होतें, तें शंभर वर्षांनीं गरिबांचीं घरें बांधतांना विसरलें गेलें. अशा काळोख्या खोलींत दिवा बसवून हें ऋण फिटावयाचें नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कित्येक घर घेण्याच्या विचारांत असतील. आंतल्या फरशीची चौकशी करण्यापूर्वीं त्यांनीं खिडकींत उभें राहून समोरची भिंत किती उंच व किती दूर आहे तें पाहावें. आणि आपल्या शहरांत दुसऱ्यांसाठीं घरें बांधलीं जात असतील, तेथेंही हाच प्रश्न विचारावा. दिवा केव्हांही विकत घेतां येईल. दोन इमारतींमधील अंतर एकदां गेलें कीं परत मिळत नाहीं.