समुद्रात मोबाइलची रेंज संपल्यावर : चॅनेल १६ आणि वादळाचे इशारे

किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. नोव्हेंबर २०१७ अखेर 'ओखी' चक्रीवादळ आले, तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या अनेक नौका आधीच खोल समुद्रात होत्या. इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. काही नौका थेट देवगडपर्यंत येऊन आश्रयाला थांबल्या. म्हणूनच इशारा ऐकू येईल असे साधन नौकेवर असणे महत्त्वाचे ठरते.

चॅनेल १६ म्हणजे काय?

व्हीएचएफ रेडिओवरील चॅनेल १६ (१५६.८ मेगाहर्ट्झ) हा जगभर संकटकाळासाठी आणि पहिल्या हाकेसाठी राखलेला आहे. तटरक्षक दल, बंदरे आणि मोठी जहाजे तो सतत ऐकतात. संपर्क झाला की दोघांनी दुसऱ्या चॅनेलवर जायचे. १६ वर गप्पा मारायच्या नाहीत. चॅनेल ७० वर बोलता येत नाही. तो फक्त बटण दाबून जाणाऱ्या डिजिटल संकटसंदेशासाठी आहे.

व्हीएचएफच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. त्यामुळे अँटेना जितकी उंच, तितका पल्ला लांब. दोन छोट्या नौकांमध्ये तो काही सागरी मैलांचाच असतो.

हाक कशी द्यावी?

जीव धोक्यात असेल तर 'मेडे' तीनदा म्हणावे. मग नौकेचे नाव, अक्षांश-रेखांश, काय झाले आणि नौकेवर किती माणसे आहेत, हे सांगावे. अडचण आहे पण जिवाला तातडीचा धोका नाही, तेव्हा 'पॅन-पॅन' म्हणतात. हवामानाचा किंवा वाहतुकीतील धोक्याचा इशारा 'सेक्युरिते' या शब्दाने सुरू होतो. तो ऐकताच बोलणे थांबवून पुढचा मजकूर लिहून घ्यावा.

इशारे कसे मिळतात?

भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाचे इशारे टप्प्याटप्प्याने देतो : पूर्वसूचना सुमारे ७२ तास आधी, सतर्कतेचा इशारा ४८ तास आधी आणि धोक्याचा इशारा २४ तास आधी. बंदरांवर १ ते ११ क्रमांकांचे बावटे लागतात. तीन नंबरचा बावटा म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका आहे. पण बावटा फक्त किनाऱ्यावरच्यांना दिसतो.

खोल समुद्रासाठी २०१९ मध्ये 'जेमिनी' हे उपकरण आले. ते 'गगन' उपग्रह यंत्रणेकडून संदेश घेऊन मोबाइलवर दाखवते, मात्र त्यावरून उत्तर पाठवता येत नाही. मदत मागण्यासाठी इस्रोने विकसित केलेले 'डॅट' आहे. त्याचे बटण दाबले की नौकेचे ठिकाण उपग्रहामार्फत तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राला कळते. २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या नव्या आवृत्तीत, हाक पोहोचल्याची पोचही नौकेला मिळते.

निघण्यापूर्वी

• हवामानाचा अंदाज पाहावा आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवावी.
• रेडिओची बॅटरी तपासावी. समुद्रात १६ सुरूच ठेवावा.
• तांडेलाशिवाय आणखी एका खलाशाला तरी रेडिओ वापरता यावा.
• रेंज असेल तेथे तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावता येतो.