दवार तोरा : वचनाचे मनन आणि कथन

'दवार तोरा' म्हणजे तोरावरील चिंतनपर भाषण. मोशेचे पाच ग्रंथ, म्हणजेच तोरा, ५४ भागांत विभागून यहुदी सभास्थानांत वर्षभरात वाचले जातात. त्या आठवड्याच्या भागातील एखाद्या वचनाविषयी प्रश्न विचारावा, ११व्या शतकातील राशींसारख्या भाष्यकारांचे मत पाहावे, स्वतःच्या जीवनाशी त्याची सांगड घालावी आणि ते इतरांना सांगावे, असे त्याचे स्वरूप असते. हा अधिकार केवळ रब्बींचा नाही. शब्बाथच्या भोजनप्रसंगी घरातील कोणीही, तर बार मित्झ्वाच्या वेळी १३ वर्षांचा मुलगाही असे चिंतन मांडतो. मुलाबाळांना वचन शिकवण्याची आज्ञा (अनुवाद ६:७) अशा रीतीने पाळली जाते. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल समाजाने १९व्या शतकात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचली, त्यामागेही हीच तळमळ होती : ऐकलेले वचन आपल्या भाषेत आपल्या माणसांपर्यंत पोहोचावे.