चुनखडीची परीक्षा भट्टीत

धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक चुनखडीचे खडे वेचतात. पांढरा दिसला म्हणून प्रत्येक खड्याचा चुना होत नाही. होतो की नाही, ते भट्टीत कळतं. रक्ताच्या कॅन्सरबद्दलचं एक रूढ मत तपासताना मला हे खडे आठवत राहतात.

ते मत असं : प्रौढांच्या अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे एएमएलमध्ये, सगळा रोग मूठभर मूळपेशींतून फुटतो. या पेशींच्या अंगावर सीडी३४ हे चिन्ह असतं आणि सीडी३८ नसतं. निदानाच्या वेळी अशा पेशी जितक्या जास्त, तितकं रोग्याचं आयुष्य थोडं.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. १९९४ मध्ये टोरांटोत जॉन डिक यांच्या प्रयोगशाळेत रोग्यांच्या पेशी प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या उंदरांत सोडल्या, तेव्हा रोग रुजवणारी पेशी सुमारे अडीच लाखांत एक निघाली, आणि ती याच चिन्हांच्या गटात होती. २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं, की निदानावेळी हा गट मोठा असलेल्या रोग्यांत रोग जास्त वेळा उलटतो. २०१६ मध्ये डिक यांच्याच गटाने मूळपेशींच्या १७ जनुकांवरून एक गुणांक बांधला. त्यावरून पहिल्या उपचाराला प्रतिसाद कसा मिळेल, याचा अंदाज येतो. हे सगळं मला मान्य आहे.

अमान्य आहे ते चिन्हालाच पेशी समजणं. मूळपेशी ठरते तिच्या करणीवरून : दुसऱ्या शरीरात रोग पुन्हा उभा केला, तर ती मूळपेशी. उंदीर ही तिची भट्टी. आणि या भट्टीतच खोट होती. २००८ मध्ये लंडनच्या डेव्हिड टॉसिग यांनी दाखवलं, की पेशी निवडताना सीडी३८ला चिकटवलेल्या प्रतिपिंडामुळेच उंदराचं शरीर त्या पेशींचा फडशा पाडत होतं. ती अडचण दूर केल्यावर सीडी३८ असलेल्या पेशींनीही रोग रुजवला. दोन वर्षांनी त्यांच्याच गटाला एनपीएम१ जनुक बदललेल्या अनेक रोग्यांत रोग रुजवणाऱ्या पेशी सीडी३४ नसलेल्या भागात सापडल्या. म्हणजे तिथे आपण वेचत होतो ते रानच चुकीचं. शिवाय एफएलटी३-आयटीडी हा दोष सोबत नसेल, तर एनपीएम१चा रोग बऱ्या होणाऱ्या गटात मोडतो.

घराघरांत होणारा घोळ याहून साधा आहे. पेशींवरची चिन्हं तपासणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीच्या रिपोर्टवर ‘सीडी३४ पॉझिटिव्ह’ दिसलं, की कुणी तरी सांगतो, मूळपेशी सापडल्या, आता काही उरलं नाही. सीडी३४ निरोगी मज्जेतल्या कोवळ्या पेशींवरही असतोच. एएमएलच्या प्रोमायलोसायटिक प्रकारात काही रोग्यांच्या पेशींवर सीडी३४ दिसतो. एकेकाळी हा प्रकार सर्वांत घातक समजला जाई. आज सुरुवातीच्या रक्तस्रावातून निभावलेले बहुतेक रोगी ‘एट्रा’ हे औषध आणि आर्सेनिक यांनी बरे होतात. उपचार बदलला, तसं भाकीतही बदललं.

चिन्हावर नेम धरून मूळ मारू, ही आशाही अजून फळलेली नाही. सीडी४७ मूळपेशींवर जास्त असतो आणि तो वाईट लक्षण आहे, असं २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं. त्यावर मॅग्रोलिमॅब हे औषध निघालं. २०२३-२४ मध्ये त्याच्या एएमएलवरच्या मोठ्या चाचण्या थांबवाव्या लागल्या.

मग भाकीत कशावर करायचं? २०२२च्या युरोपियन ल्युकेमियानेटच्या शिफारशींत जोखमीचे गट गुणसूत्रं आणि जनुकांतल्या बदलांवरून पाडले आहेत, आणि उपचाराला मिळालेल्या प्रतिसादाप्रमाणे जोखीम पुन्हा तोलायला सांगितली आहे. मूळपेशींच्या चिन्हांना त्या गटवारीत जागा नाही. तेव्हा पैसे मोजकेच असतील, तर ते आधी कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी), एनपीएम१ आणि एफएलटी३ या तपासण्यांवर जावेत, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आणखी एक गोष्ट कुठल्याच पेशीवर लिहिलेली नसते : रोगी उपचारापर्यंत वेळेत पोचतो का. येरमाळ्याजवळ बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीसोबत भूम आणि परंडा हे धाराशिवचे तालुकेही तिच्यात होते. नोंदणीची माणसं गावोगाव हिंडली, लोकांशी बोलली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या आणि जास्त जगू लागल्या. एएमएल अशी वर्षानुवर्षं थांबत नाही, हे खरं. पण तिथेही वेळ मोजावा लागतो. केमोनंतर पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना आलेल्या तापात पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जायला हवं. येरमाळ्याच्या रोग्याला असा ताप रात्री दोनला चढला, तर गाडी कुणाची, जायचं कुठे आणि तिथे फोन कुणाला करायचा, हे डिस्चार्जच्या कागदावर सीडी३४च्या ओळीच्या वर, ठळक अक्षरांत लिहिलेलं असावं.