ब्रिजेस विरुद्ध साउथ वेल्स पोलीस

ब्रिजेस विरुद्ध साउथ वेल्स पोलीस हा पोलिसांकडून होणाऱ्या चेहरा ओळख तंत्रज्ञानाच्या वापराच्या कायदेशीर मर्यादा ठरवणारा इंग्लंड व वेल्समधील महत्त्वाचा खटला आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी तेथील अपील न्यायालयाने साउथ वेल्स पोलिसांनी केलेला असा वापर बेकायदेशीर ठरवला. तंत्रज्ञानावर मात्र बंदी घातली नाही.

पार्श्वभूमी

साउथ वेल्स पोलिसांनी २०१७ पासून सार्वजनिक ठिकाणी या तंत्रज्ञानाच्या चाचण्या सुरू केल्या. कॅमेऱ्याने टिपलेल्या चेहऱ्यांची वैशिष्ट्ये संगणक निगराणी यादीतील छायाचित्रांशी ताडून पाहत असे. जुळणी न झाल्यास ती माहिती तत्काळ पुसली जाई. कार्डिफचे रहिवासी एडवर्ड ब्रिजेस यांचे नाव यादीत नव्हते. तरीही डिसेंबर २०१७ मध्ये क्वीन स्ट्रीटवर व मार्च २०१८ मध्ये संरक्षण सामग्रीच्या प्रदर्शनाबाहेरील निदर्शनांच्या वेळी ते या कॅमेऱ्यांच्या टप्प्यात आले. 'लिबर्टी' या नागरी हक्क संघटनेच्या साहाय्याने त्यांनी दाखल केलेली याचिका उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये फेटाळली.

अपिलाचा निकाल

पाचपैकी तीन मुद्द्यांवर अपील मान्य झाले. युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम ८ नुसार खासगी जीवनाच्या हक्कातील हस्तक्षेप कायद्याला अनुसरून असावा लागतो. यादीत कोणाला घालायचे आणि कॅमेरे कोठे लावायचे, हे दोन्ही प्रश्न प्रचलित नियमांनी बव्हंशी पोलीस अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडले होते. ही मोकळीक न्यायालयाला मान्य झाली नाही. त्यामुळे माहिती संरक्षण कायदा, २०१८ अन्वये पोलिसांनी केलेले परिणाम मूल्यांकनही सदोष ठरले.

तिसरा मुद्दा समता कायदा, २०१० मधील कर्तव्याचा होता. प्रणाली वंश किंवा लिंग यांबाबत पक्षपाती असल्याचे सिद्ध झाले नव्हते, पण तसे सिद्ध होणे आवश्यकही नव्हते. पक्षपात नाही याची खातरजमा करण्यासाठी पोलिसांनी स्वतः वाजवी प्रयत्न करायला हवे होते. उत्पादकाने व्यापारी गोपनीयतेमुळे प्रशिक्षणासाठी वापरलेली माहिती उघड केली नाही, ही सबब पुरेशी ठरली नाही. जुळणी झाल्यावर अधिकारी ती डोळ्यांनी तपासत, हा बचावही अपुरा मानला गेला.

प्रमाणशीरतेच्या मुद्द्यावर ब्रिजेस हरले. त्यांच्यावर झालेला परिणाम नगण्य होता आणि तो इतर हजारो लोकांच्या संख्येने गुणून मोठा करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकालातील हा भाग विशेष वादग्रस्त आहे, कारण सामूहिक निगराणीविषयीचा मूळ आक्षेप संख्येचाच असतो.

परिणाम

पोलिसांनी निकालाविरुद्ध पुढे अपील केले नाही. २०२२ मध्ये पोलीस महाविद्यालयाने देशातील पोलीस दलांसाठी याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पुढे साउथ वेल्स पोलिसांनी सुधारित धोरणांसह हे तंत्रज्ञान पुन्हा वापरात आणले.