मॉडेम बंद पडल्यास : आधी दिवे पाहा, मगच बटणाला हात लावा

नांदेड / लातूर, प्रतिनिधी : नीट, जेईई किंवा सीईटीच्या अर्जाची मुदत संपत आलेली असावी आणि नेमक्या त्याच दिवशी घरातील इंटरनेट बंद पडावे, यासारखी अडचण नाही. खासगी शिकवण्यांमुळे राज्यभरातून विद्यार्थी येणाऱ्या लातूर आणि नांदेड या शहरांत तर अशा बिघाडाची किंमत एका वर्षाच्या नुकसानीपर्यंत जाऊ शकते. अशा वेळी मॉडेम जळाला असे समजून नवा विकत आणण्याची घाई केली जाते. तथापि दोष वीज, तार, मॉडेम आणि संगणक या चारपैकी कोठेही असू शकतो. या चार जागा क्रमाने तपासल्या तर बराचसा वेळ आणि पैसा वाचतो.

मॉडेम काय करतो?

मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांपासून 'मॉडेम' हा शब्द तयार झाला. संगणकाच्या अंकी भाषेचे तारेवरून जाऊ शकणाऱ्या लहरींत आणि त्या लहरींचे पुन्हा अंकी भाषेत रूपांतर करणे हे त्याचे काम. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा जोडणी दूरध्वनीवर क्रमांक फिरवून होत असे. या डायल-अप मॉडेमचा वेग पुढे सेकंदाला कमाल ५६ किलोबिटपर्यंत गेला. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची डेटावन ही ब्रॉडबँड सेवा आली आणि त्याच तांब्याच्या तारेवर बोलणे व इंटरनेट एकाच वेळी शक्य झाले. आता फायबर जोडणीत मॉडेमची जागा ओएनटी नावाच्या यंत्राने घेतली असली, तरी बोलीभाषेत त्यालाही मॉडेमच म्हणतात.

पहिली जागा : वीज

'पॉवर' हा दिवा लागत नसेल तर दोष बहुधा मॉडेमचा नसून त्याच्या अडॅप्टरचा असतो. विजेचा दाब कमी-जास्त झाला की आधी अडॅप्टर निकामी होतो. दुसऱ्या सॉकेटवर जोडून पाहावे. नवा अडॅप्टर घेताना जुन्यावर छापलेले व्होल्ट आणि पिनची ध्रुवता तंतोतंत जुळली पाहिजे. अँपिअर मात्र तेवढेच किंवा अधिक चालतात. दिवा लागून पुन्हा पुन्हा विझत असेल तर उष्णता हेही कारण असू शकते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली, बंद कपाटात किंवा टीव्हीच्या मागे ठेवलेला मॉडेम तापतो. तो मोकळ्या हवेत ठेवावा.

दुसरी जागा : तार

तांब्याच्या तारेवरील जोडणीत 'डीएसएल' किंवा 'लिंक' हा दिवा स्थिर हवा. तो लुकलुकत राहिला तर दूरध्वनी उचलून ऐकावे. डायल टोन नसेल किंवा खरखर येत असेल तर बिघाड बहुधा लाइनमध्ये आहे. तसे असल्यास मॉडेमशी खटपट करून उपयोग नाही. टोन स्वच्छ असेल तर स्प्लिटर ही छोटी डबी तपासावी. फोन आणि मॉडेम यांच्या तारा आपापल्या खाचेतच असाव्यात. स्प्लिटर काढून मॉडेम थेट लाइनला जोडल्यावर दिवा स्थिर झाला तर स्प्लिटर किंवा घरातील जुनी वायर बदलावी.

फायबर जोडणीत 'पॉन' हा दिवा स्थिर हवा. 'एलओएस' हा दिवा लाल झाला तर प्रकाश यंत्रापर्यंत पोहोचत नाही असे समजावे. बारीक पिवळी तार कपाटामागे दुमडली आहे का, दाराच्या फटीत चेपली आहे का, हे पाहावे. तारेचे टोक काढून डोळ्यासमोर धरू नये. त्यातील लेसर किरण दिसत नाहीत, परंतु डोळ्यास अपाय करू शकतात.

तिसरी जागा : मॉडेम

लाइन ठीक असूनही 'इंटरनेट' दिवा लागत नसेल तर मॉडेम बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि पुन्हा सुरू करावा. संगणकावरून थेट जोडणी करणाऱ्यांना विंडोज क्रमांक दाखवते. ६९१ म्हणजे वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकला. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर आले नाही. नव्या विंडोजमध्ये ही दुसरी तक्रार बहुधा ६५१ या क्रमांकाने येते.

मागील बाजूस टाचणीने दाबावयाचे 'रीसेट' बटण हा मात्र शेवटचा उपाय आहे. ते काही सेकंद दाबून धरल्यास सेवेचे नाव, पासवर्ड आणि इतर सर्व नोंदी पुसल्या जातात. मग किरकोळ बिघाडासाठीही तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते. म्हणून या नोंदी आधीच वहीत उतरवून ठेवाव्यात.

चौथी जागा : संगणक

सर्व दिवे ठीक असतील तर मोबाइल त्याच वाय-फायला जोडून पाहावा. मोबाइलवर इंटरनेट चालत असेल तर दोष संगणकात आहे. संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला मॉडेमकडून पत्ताच मिळालेला नाही. अशा वेळी मॉडेमला जोडणारी केबल बदलून पाहावी.

वळवाच्या पावसाआधी

एप्रिल-मे महिन्यांत नांदेड-लातूर परिसरात वळवाचा पाऊस विजांच्या कडकडाटासह येतो. जवळपास वीज पडली की तिचा झटका वीजवाहिनी व दूरध्वनीची तार या दोन्ही वाटांनी घरात शिरतो. म्हणून केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. आभाळ भरून येताच अडॅप्टर आणि दूरध्वनीची तार दोन्ही काढून ठेवाव्यात. विजा कडाडू लागल्यावर मात्र तारांना हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अॅप विजांची पूर्वसूचना देते. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, परंतु अॅडॅप्टरची वाट तेथेही खुलीच राहते. उत्तम अर्थिंगमुळे हा धोका कमी होतो, पण पूर्णपणे टळत नाही.

तक्रार कशी करावी?

'नेट बंद आहे' एवढेच सांगू नये. कोणता दिवा बंद आहे, कोणता लुकलुकतो, डायल टोन आहे की नाही, हे सांगितल्यास तंत्रज्ञ योग्य साहित्य घेऊन येतो. तक्रारीचा डॉकेट क्रमांक जरूर टिपून घ्यावा. मुदतीत निवारण न झाल्यास सेवा कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते आणि त्यासाठी हाच क्रमांक लागतो.

अर्जाची मुदत मात्र तक्रारीसाठी थांबत नाही. विद्यार्थ्यांनी अर्जाची कागदपत्रे पेन ड्राइव्हवर तयार ठेवावीत आणि मोबाइलचा हॉटस्पॉट कसा सुरू करावयाचा हे आधीच करून पाहावे. शेवटच्या दिवसापूर्वी दोन दिवस अर्ज भरला, तर मॉडेमचा बिघाड हा केवळ बिघाडच राहील. त्यापायी वर्ष वाया जाणार नाही.