मांडलेले पान

इ. स. १८०० च्या जानेवारीत फ्रान्सच्या आव्हेरों प्रांतात, अंगावर फाटक्या सदऱ्याखेरीज वस्त्र नसलेला आणि एकही शब्द न बोलणारा एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा लोकांच्या हाती लागला. त्याच वर्षी सरकारी हुकुमाने तो पॅरिसच्या मूकबधिर विद्यालयात दाखल झाला, तेव्हा पिनेलसारख्या विख्यात वैद्याने त्याला असाध्य जडबुद्धी ठरवून मोकळे केले. हा निकाल अमान्य करणारा वैद्य झाँ इतार त्या वेळी अवघ्या पंचविशीच्या आसपासचा होता.

इतारने जी पाच उद्दिष्टे मुक्रर केली, त्यांत अग्रस्थान वाचेला नव्हते; माणसांतले जिणे या मुलाला रानातल्या जिण्याहून सुखाचे वाटावे, हे पहिले. त्या सुखाचा रोजचा भार वाहिला तो मादाम गेरँ या बाईंनी. व्हिक्टर (हे नाव इतारनेच ठेवलेले) त्यांच्या हाताखाली लाकडे कापू लागला, मेजावर पाने मांडू लागला. ‘दूध’ हा शब्द तो उच्चारी, पण दूध मिळाल्याच्या आनंदात, मागण्यासाठी नव्हे. आणि याचीच इतारला खंत.

पुढे बाईंचे यजमान आजारी पडून शुश्रूषेसाठी घराबाहेर गेले. व्हिक्टर त्यांचे पान रोज मांडी, आणि रोज ते उचलावे लागे. ते वारले त्या दिवशीही पान मांडले गेले. बाईंना रडू आवरेना. तेव्हा हे आपल्यामुळे झाले असे उमजून त्याने खिन्नपणे ते पान उचलले, कपाटात ठेवले, आणि पुन्हा कधी मांडले नाही. इतारने १८०६ च्या अहवालात हे नमूद केले खरे, पण वाचा उमलली नाही या निराशेखाली ते काहीसे झाकले गेले. माझ्या मते त्या अहवालातली खरी मिळकत हीच.

इतारचा वारसा त्याचा शिष्य सेगँ याने पुढे नेला. या दोघांचे ग्रंथ, रोममध्ये मतिमंद मुलांना शिकवणाऱ्या मारिया माँटेसरीने स्वहस्ते इटालियनमध्ये उतरवून काढले, आणि त्यांतलीच साधने १९०७ पासून सान लोरेंझोच्या गरीब वस्तीतल्या बालगृहात उपयोगात आणली. तिथे एकदा तिने नाक शिंकरण्याचा धडा दिला: रुमाल कसा धरावा, आवाज न करता, कोणाच्या लक्षात न येता नाक कसे पुसावे. नाकावरून बोलणी त्या पोरांनी पुष्कळ खाल्ली होती. रीत मात्र आजवर कोणी दाखवली नव्हती. धडा संपेतो एकही मूल हसले नाही, आणि संपताच साऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.