गदा पाचव्या पातळीवर राहिली

संध्याकाळी ५.०० : शेवटाला ४ तास ४० मिनिटं

शनिवार होता. धाकटा भाऊ खुर्ची ओढून शेजारी बसला आणि मी 'डंजन क्रॉल स्टोन सूप' हा संगणकावरचा खेळ सुरू केला. पात्र घेतलं मिनोटॉर: धड माणसाचं, डोकं बैलाचं. शिंगांमुळे त्याला शिरस्त्राण चढत नाही, पण कोणी वार केला तर उलट ढुशी मात्र बसते. देव घेतला ट्रॉग. याला मंत्रतंत्र अजिबात खपत नाही. त्याचं पहिलं वरदान म्हणजे अंगात येणं. वारं अंगात आलं की वार जोरात आणि भराभर बसतात, जीव दीडपट होतो. पण तेवढ्या वेळात पोथी वाचता येत नाही की औषध पिता येत नाही. आणि वारं उतरलं की एखाद्या झाडासारखं गळून जायला होतं, हालचाल मंदावते.

मग हत्यार विचारलं. भाला, गदा, कुऱ्हाड वगैरे. कुऱ्हाड घेतली, कारण ती एका फटक्यात भोवतालच्या सगळ्यांना लागते.

५.४० : शेवटाला ४ तास

दुसऱ्या पातळीवर सिगमुंड भेटला. लांब दांड्याचा विळा घेऊन हिंडणारा हा माणूस अदृश्य होतो, बुद्धी भ्रमिष्ट करतो, आणि नवख्यांचे बळी घेण्यात त्याचं नाव मोठं आहे. त्याच्यापुढे मी चार वेळा मेलेली आहे. या वेळी तो दिसताच अंगात आणलं आणि पाच फटक्यांत तो आडवा झाला. भाऊ खुर्चीवरून उठून ओरडला. माझ्याही हाताला कंप होता.

त्या आनंदातच हात बिघडला, असं आता वाटतं. अवघड काही पुढे आलं की वारं अंगात आणायचं आणि टॅब दाबत सुटायचं, हे बोटांना पक्कं शिकवलं गेलं. टॅब दाबलं की पात्र आपणहून जवळच्या शत्रूवर जातं. विचार करावा लागत नाही.

६.३५ : शेवटाला ३ तास ५ मिनिटं

पाचव्या पातळीवर एका कोपऱ्यात साधी गदा पडलेली होती.

"ताई, घेऊन ठेव ना ही."

"कशाला? कुऱ्हाड आहे की."

"असू दे गं पिशवीत."

पिशवीत जागा होती. या खेळात ओझ्याचाही प्रश्न नाही. वाकून उचलायची, एवढंच काम होतं. मी पुढे निघाले.

७.३० : शेवटाला २ तास १० मिनिटं

जेवायला उठलो. खेळ साठवून ठेवला. इथे साठवणं म्हणजे फक्त पुस्तकात खूण घालणं. मागे जाऊन चूक दुरुस्त करता येत नाही, आणि मेलात की ती साठवणही पुसली जाते. जेवताना भावाने विचारलं, "हा कोणत्या कंपनीचा गेम?" कंपनी नाहीच. मूळ 'डंजन क्रॉल' लिनली हेन्झेल यांचा, १९९७ सालचा. पुढे त्याचं काम रेंगाळलं, तेव्हा २००६ साली दर्शन शालिग्राम आणि एरिक पायपर यांनी त्यातून 'स्टोन सूप'ची शाखा काढली. तेव्हापासून खेळणाऱ्यांनीच तो वाढवला आहे. युरोपात दगडाच्या सूपची एक लोककथा आहे: भुकेला वाटसरू पाण्यात दगड टाकून चूल पेटवतो आणि गावातलं कोणी कांदा, कोणी गाजर, कोणी मीठ आणून टाकतं. खेळ तसाच शिजला. कोणी राक्षस रचले, कोणी भुयारं आखली, कोणी चित्रं काढली. पैसे कोणी मागत नाही, आणि आतलं कोड कुणालाही उघडून वाचता येतं. इतक्या लोकांनी हौसेनं, वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेली वस्तू फुकट हातात पडते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

८.२० : शेवटाला १ तास २० मिनिटं

नवव्या पातळीवर 'लेअर'चं दार सापडलं. ही श्वापदांची गुहा. खेळ जिंकायला तळाशी असलेला झॉटचा गोल आणायचा असतो; त्यासाठी पंधरापैकी निदान तीन रून, म्हणजे जादूची चिन्हं, मिळवावी लागतात, आणि त्यांची वाट बहुतेक वेळा इथूनच फुटते. इतक्या खोल मी पहिल्यांदाच आले होते. जीव ९६ पैकी ९६. पोतडीत स्थलांतराची एक पोथी, जखमा भरणारी दोन औषधं.

९.३१ : शेवटाला ९ मिनिटं

लेअरची दुसरी पातळी. तळ्याकाठी हायड्रा दिसली, पाच डोक्यांची. ती सात घरं लांब होती. वर जाणारा जिना माझ्या मागे चार घरांवर.

"ताई, थांब. जिना जवळ आहे."

मला ठाऊक होतं. हायड्राचं मुंडकं धारदार हत्यारानं उडवलं की एकाच्या जागी दोन फुटतात, अगदी रक्तबीजासारखं. देवीनं रक्ताचा थेंब भुईवर पडू दिला नाही. इथे जळती कुऱ्हाड असेल तर मान भाजून निघते, नवं डोकं येत नाही. नाहीतर गदा, ती मुळात कापतच नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं. बोटांनी मात्र वारं अंगात आणलं आणि टॅब दाबलं.

९.३६ : शेवटाला ४ मिनिटं

एक मुंडकं उडालं, दोन आली. सहा डोकी. आणखी एक उडालं, सात. प्रत्येक डोकं दर खेपेला स्वतंत्र चावतं. जीवाची पट्टी हिरवीची पिवळी झाली. औषध प्यायला गेले, तर खेळानं नाही म्हटलं, कारण वारं अजून अंगात होतं. लढण्यावाचून काही हातात नव्हतं, आणि लढणं म्हणजे डोकी वाढवणं. आठ. नऊ.

मग वारं उतरलं. वाढलेला जीवही त्याच्याबरोबर उतरला. ३१.

भाऊ काही बोलत नव्हता. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता.

९.३९ : शेवटाला १ मिनिट

पोथी वाचली. स्थलांतर लागलीच होत नाही, तीन ते पाच खेपा थांबावं लागतं. एरवी तेवढ्या निभतात. पण मी मंदावलेली, आणि समोर नऊ जबडे. पहिल्या खेपेला १४ राहिले. औषधाच्या कळीवर बोट ठेवलं होतं.

९.४०

मेल्यावर खेळ एक फाइल लिहून देतो. त्यात अंगावर काय होतं, पोतडीत काय उरलं, कुठे कोण भेटलं, सगळं असतं. आम्ही दोघांनी ती वरपासून वाचली. जखमा भरणारी औषधं: दोन. मृत्यूचं कारण लिहिलं होतं नऊ डोक्यांची हायड्रा. तळ्याकाठी दिसली तेव्हा तिला पाच होती.